उताराचं पाणी, चढाचं बिल

मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा पंपाशिवाय शहरापर्यंत पोचतो. तानसा तलाव १८९२ साली पुरा झाला, मोडकसागर १९५७ साली. दोन्हींचं पाणी ठाणे जिल्ह्याच्या डोंगरांतून, माणूस उभा राहील एवढ्या जाड नळांतून निघतं आणि केवळ उताराच्या जोरावर भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात येऊन पडतं. भातसाचं पाणी तेवढं पिसे इथं पंपांनी उचलावं लागतं. विजेची मोटर गावोगावी पोचायच्या कितीतरी आधी कुणीतरी चिकाटीनं जमिनीच्या पातळ्या मोजल्या, आणि त्या मोजणीच्या आधारावर एक अवाढव्य शहर आजही पाणी पितं.

ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी जातं, तिथल्या पाड्यांवर मार्च उलटला की टँकर फिरू लागतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हा मथळा दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत येतो. हा अन्याय आहेच, आणि त्याबद्दल बोललं गेलंच पाहिजे. पण त्यात भूगोलाचीही एक साधी गोष्ट आहे. ती नजरेआड केल्यामुळे पुढच्या योजनाही चुकत जातात. धरण दरीत असतं आणि पाडे बहुतेक वेळा धरणाच्या पातळीपेक्षा वर, डोंगराच्या अंगाला असतात. जो उतार पाणी मुंबईला नेतो, तोच पाड्याच्या वाटेत चढ होऊन उभा राहतो. पाड्याला उतारानं पाणी हवं असेल तर ते पाड्याच्याही वरून आलं पाहिजे. घाटमाथ्यावर इगतपुरीजवळ भावली धरण आहे. तिथून घाटाखालच्या शहापूरच्या गावांना उतारानं पाणी आणायची योजना सरकारनं हाती घेतली आहे. निदान एका ठिकाणी तरी शोधणाऱ्यांची नजर वर गेली, याचा मला आनंद वाटतो.

माझं म्हणणं याच नजरेबद्दल आहे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, कोकणात, जव्हार-मोखाड्यात, मावळात, खाली सिंधुदुर्गापर्यंत आणि तिकडे सातपुड्यात अशा कितीतरी वाड्या-पाडे आहेत की ज्यांच्या डोक्यावरच्या डोंगरात झरा आहे. तिथं नळपाणी योजनेचा विचार झऱ्यापासून सुरू झाला पाहिजे, आणि झरा का चालणार नाही हे कागदावर सिद्ध झाल्याशिवाय पंपाचं अंदाजपत्रक मंजूर होऊ नये. आज उलटं चालतं. योजनेचा साचा ठरलेला आहे: नदीच्या किंवा वहाळाच्या काठी उद्भव विहीर (म्हणजे योजनेला पाणी पुरवणारी विहीर), तिच्यावर पंपघर, तिथून डोंगरावर चढणारी नळवाहिनी, डोंगरावर टाकी, आणि टाकीतून परत खाली वाड्यांना पाणी. म्हणजे झऱ्याचं पाणी आधी डोंगर उतरून नदीला मिळणार, मग आपण ते विहिरीत गोळा करून वीज जाळून पुन्हा डोंगरावर चढवणार आणि तिथून पुन्हा खाली सोडणार. या फेऱ्यात पाणी गढूळ होतं, पैसा खर्च होतो, आणि डोंगरावरच्या त्या टाकीच्या वर शंभर-दोनशे पावलांवर झरा वाहत असला तरी अंदाजपत्रकात त्याचं नावही नसतं.

विजेच्या खर्चाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा, कारण तो जितका सांगितला जातो तितका मोठा नसतो. ५०० वस्तीचं गाव घ्या. जलजीवन मिशननं माणशी रोज ५५ लिटरचा निकष ठरवला आहे, म्हणजे गावाला दिवसाला २७,५०० लिटर. हे पाणी १०० मीटर चढवायचं तर लहान पंपाची कार्यक्षमता निम्मी धरून रोज साधारण १५ युनिट वीज लागते, वर्षाला साडेपाच हजार. युनिटला सात रुपये धरले तर घरटी वर्षाला चारशे रुपयांच्या आत-बाहेर. शहरातला वाचक म्हणेल, यात काय मोठंसं? पण हे बिल घरटी येत नाही. ते ग्रामपंचायतीच्या नावानं एकरकमी येतं, दर महिन्याला येतं, आणि पाणीपट्टी मात्र भात झोडून झाल्यावर किंवा मुंबईहून चाकरमानी आल्यावर जमा होते. थकबाकी वाढली की वीजजोड तुटतो आणि त्या दिवशी सगळं गाव एकदम कोरडं पडतं. ज्यांनी पाणीपट्टी वेळेवर भरली त्यांचंही पाणी जातं, म्हणून पुढच्या वर्षी तेही भरत नाहीत. त्यात मे महिन्यात व्होल्टेज पडून मोटर जळते. ती गुंडाळायला तालुक्याला न्यायची, तोवर आठवडा जातो. अशा बंद पडलेल्या योजनांच्या टाक्या कोकणात कुठल्याही रस्त्यानं गेलात तरी दिसतील. रंगवलेल्या, योजनेचं नाव आणि साल लिहिलेल्या, आणि आत पाणी नसलेल्या.

उताराच्या योजनेत हा एका दिवसात गळा आवळणारा फास नसतो. एवढ्यासाठीही मी तिच्या बाजूनं उभा राहीन.

मात्र ती फुकट असते, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. झऱ्यापासून वाडीपर्यंत नळी टाकली की झालं, या समजुतीनं जितक्या योजना बुडाल्या, तितक्या क्वचितच आणखी कशानं बुडाल्या असतील. पहिली गोष्ट मोजणीची. झऱ्याची धार मोजायला बादली आणि घड्याळ पुरतं. १५ लिटरची बादली ४५ सेकंदांत भरली तर मिनिटाला २० लिटर, चोवीस तासांत २८,८०० लिटर. वर सांगितलेल्या ५०० वस्तीच्या गावाला एवढी धार पुरते. गळतीची तूट धरली तर थोडी जास्त लागेल. पाहायला गेलं तर ती एका चांगल्या नळाएवढीच असते, म्हणून येणारा-जाणारा म्हणतो, एवढ्याशा पाण्यावर गाव कसं जगणार? धार रात्रभर चालू असते हे तो विसरतो. रात्रीचं पाणी टाकीत साठलं तरच हा हिशेब जमतो, टाकी नसेल तर सकाळच्या दोन तासांत भांडणं होतात. आणि ही मोजणी मे महिन्यात व्हायला हवी. दिवाळीच्या सुमारास सर्वेक्षण करून झऱ्याला भरपूर पाणी आहे असा शेरा मारणं म्हणजे गावाची फसवणूक आहे. त्या दिवसांत सह्याद्रीतल्या प्रत्येक घळीत पाणी असतं.

दुसरी गोष्ट दाबाची. दर १० मीटर उताराला नळात दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब येतो. सहा किलोचा दाब सोसणारा पाइप घेतला आणि झरा वाडीच्या ९० मीटर वर असला, तर पाइप फुटणारच. तो केव्हा फुटतो हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. दिवसा नळ चालू असतात, पाणी वाहतं आणि घर्षणात दाब खर्च होतो. रात्री सगळे नळ बंद झाले की उभ्या पाण्याचा पूर्ण दाब तळच्या सांध्यांवर येतो. म्हणून पाइप मध्यरात्री फुटतो, आणि सकाळी लोक म्हणतात कुणीतरी मुद्दाम फोडला. गावातली जुनी वैरं अशा पाइपांवरून पुन्हा उकरली जातात. यावर उपाय साधा आहे: मध्ये एक छोटी टाकी बांधायची, पाणी तिच्यात मोकळं पडलं की दाब शून्यावर येतो आणि तिथून पुढे नव्यानं मोजायचा. पाणीपुरवठ्याच्या लोकांत तिला बीपीटी (ब्रेक प्रेशर टँक) म्हणतात. अंदाजपत्रकात पैसे कमी पडले की सर्वांत आधी तिच्यावर काट बसते, कारण ती नसल्याचं उद्घाटनाच्या दिवशी कुणाला कळत नाही. व्यासाचंही तसंच. व्यास निम्मा केला तर त्याच उतारावर पाणी निम्मं येत नाही, जेमतेम सहावा हिस्सा येतं. आणि लाइन मध्येच एखाद्या उंचवट्यावरून गेली की तिथं हवा धरते. वर हवा काढायचा वॉल्व्ह नसेल तर झऱ्याला पाणी आणि नळ कोरडा, असा प्रकार होतो. मग कुणीतरी वैतागून पाइपाला भोक पाडतं, हवा सुटते, पाणी येतं, आणि ते भोक कायमचं राहतं.

हे सगळं शास्त्र आपल्याला परकं नाही. मलिक अंबरनं १७व्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे नंतरच्या औरंगाबादला, जमिनीखालून नहर आणली. तिच्यावर ठरावीक अंतरांवर मनोरे आणि झडपा होत्या, त्यांतून हवाही सुटे आणि साफसफाईही करता येई. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या आसपास कात्रजचं पाणी पुण्याच्या हौदांपर्यंत आणलं, तेही उतारानंच आणि हवा सुटायच्या उच्छ्वासांसकट. आजच्या लाखो वस्तीला त्या नहरा पुरणार नाहीत हे उघड आहे. पण त्या बांधणाऱ्यांनी हवेची, गाळाची आणि दाबाची सोय आधी केली आणि पाणी नंतर सोडलं, ही गोष्ट आजच्या पाचशे वस्तीच्या योजनेलाही तितकीच लागू आहे.

कोकणात लोक या योजनांची वाट पाहत बसलेले नाहीत. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेनं वर चालत गेलं की काळ्या पाइपांचे जुडगे दिसतात. कुणाचा अर्ध्या इंचाचा, कुणाचा पाऊण इंचाचा, झाडांच्या मुळांना बांधलेला, कातळावरून लोंबणारा. लोक याला सायफनचं पाणी म्हणतात. ज्याच्या खिशाला परवडलं, त्यानं शेतातून, रानातून किलोमीटरभर पाइप टाकून घरच्या टाकीत पाणी आणलं. उतारावर लोकांचा भरवसा आहे याचा याहून मोठा पुरावा मला नको. पण याच जुडग्यांत या व्यवस्थेचा रोगही दिसतो. खालच्यानं पाइप टाकला की दुसरा त्याच्या वर टाकतो, तिसरा त्याच्याही वर. शेवटी झऱ्याच्या तोंडाशी ज्याचा पाइप, त्याचं पाणी. ज्या विधवेला किलोमीटरभर पाइप परवडत नाही, ती खालच्या आटलेल्या पाणवठ्यावर हंडा घेऊन बसते. झऱ्याच्या तोंडाशी एकच झाकलेली टाकी, तिच्यातून एकच लाइन आणि मग सगळ्यांना वाटप, हे काम कुणा एकट्यानं होत नाही. ते गावानं करायचं असतं आणि सरकारनं त्यासाठी पैसा द्यायचा असतो.

आता नेहमीचा आक्षेप. झरे एप्रिल-मे महिन्यांत आटतात, मग त्यांच्यावर योजना कशी करायची? आक्षेप खरा आहे. मिनिटाला वीस लिटरचा झरा उन्हाळ्यात पाचावर येऊ शकतो, आणि जांभ्याच्या सड्याखालचे, म्हणजे कातळी पठाराखालचे, काही झरे पार बंद होतात. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी दगड ते पाणी फार काळ धरून ठेवत नाही. पण यावरून झरा नापास करायचा, हा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. आपल्याकडे उद्भव एकतर बारमाही, नाहीतर बाद, असा हिशेब करायची सवय पडली आहे. नऊ महिने उतारानं येणारं पाणी आणि उरलेले तीन महिने विहिरीवरच्या पंपाचं पाणी, दोन्ही एकाच टाकीत सोडली तर काय बिघडतं? पंप वर्षातून तीन महिने चालेल, बिल चौथ्या हिश्शावर येईल आणि मोटर जास्त टिकेल. शिवाय उद्भव विहिरीतलं पाणी ऑक्टोबरपासून उपसलं गेलं नाही, तर मेमध्ये तिच्यात चार हात जास्त पाणी राहण्याची शक्यता असते. दोन उद्भवांची योजना कागदावर किचकट दिसते, दोन मोजमापं ठेवावी लागतात. पण किचकटपणा अभियंत्यानं सोसायचा की बाईनं डोक्यावर सोसायचा, एवढाच प्रश्न आहे.

आणखी एक उत्तर हल्ली लगेच दिलं जातं, सौर पंपाचं. जिथं वस्ती झऱ्याच्या वर आहे तिथं सौर पंपच योग्य. सड्यावरच्या धनगरवाड्यांना उतारानं पाणी कधीच मिळणार नाही, कारण पाणी त्यांच्या पायाखालून झिरपून खालच्या वाडीत उगवतं. त्यांच्यासाठी पंप लागेल, आणि त्याचा खर्च खालच्या वाड्यांहून जास्त येतो म्हणून त्यांना योजनेतून वगळता कामा नये. पण जिथं वर झरा आहे तिथं पॅनेल, कंट्रोलर आणि पाण्यातली मोटर बसवून तालुक्याच्या मेकॅनिकची वाट पाहायची, यात मला शहाणपण दिसत नाही.

स्वच्छ पाण्याचा मुद्दा वेगळा घ्यावा लागतो, कारण झऱ्याबद्दल आपल्या मनात एक भाबडी श्रद्धा असते. झऱ्याचं पाणी खडकातून बाहेर पडतं त्या क्षणी बहुधा चांगलं असतं. तिथून पुढची चार पावलं ते बिघडवतात. गुरं पाय घालतात, पानं कुजतात, पहिल्या पावसाचा लाल लोंढा त्यात मिसळतो. म्हणून उगमावरच पक्की बंदिस्त टाकी, तिच्यावर कुलूपबंद झाकण, वरच्या अंगाला लोंढा वळवणारा चर आणि भोवती कुंपण, हे चारही लागतं. जुलैच्या गढुळासाठी वाळूची संथ गाळणी बांधता येते. तिला वीज लागत नाही, तीही उतारानंच चालते. ५०० वस्तीला आठ-दहा चौरस मीटरचा वाळूचा थर पुरतो. त्या वाळूच्या पृष्ठभागावर जो सजीव थर तयार होतो तोच जंतू खातो. १८९२ साली हॅम्बुर्गमध्ये पटकीनं साडेआठ हजारांच्या आसपास माणसं दगावली. शेजारचं अल्टोना त्याच एल्ब नदीचं पाणी हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला उचलत होतं, तरी तिथं साथ फार पसरली नाही, कारण अल्टोनाचं पाणी वाळूतून गाळून येत होतं. तरीही टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची ती टाकायचीच. गाळणीनंतर वाडीपर्यंतच्या लाइनीत कुठं सांधा गळतो, कुठं गटाराचं पाणी आत ओढलं जातं, हे कुणाला दिसत नसतं. ‘आमचं झऱ्याचं पाणी, त्याला औषधाचा वास कशाला’ असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मान राखूनही जलसुरक्षकानं रोज ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का याची तपासणी, घेतली पाहिजे. गावातल्या ज्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट आणि प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे, त्यांना त्या कामाचं मानधन मिळालं पाहिजे आणि त्यांचे निकाल ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागले पाहिजेत.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, तिच्याकडे येतो. पंपाची योजना बिघडली की बोंब होते. मोटर थांबते, आवाज बंद होतो, गाव पंचायतीवर जातं. उताराची योजना मात्र गुपचूप बिघडते. सांधा गळतो, उगमाच्या टाकीत गाळ चढतो, पाइपाचा उघडा तुकडा फेब्रुवारीतल्या वणव्यात वितळतो आणि त्यावर सायकलची ट्यूब बांधली जाते. पाणी येतच असतं, फक्त थोडं कमी. आधी शेवटच्या नळाचं जातं. ती शेवटची वाडी बहुधा कातकऱ्यांची असते नाहीतर बौद्धवाडी असते, आणि तिची तक्रार ग्रामसभेत शेवटी ऐकली जाते, ऐकलीच तर. वरच्या नळांना पाणी येतं तोवर कागदावर योजना चालू असते. काही वर्षांनी पाणी मधल्या वाडीपर्यंतच पोचतं, तेव्हा लोक म्हणतात झरा आटला. झरा कित्येकदा आटलेला नसतो.

आफ्रिकेतल्या मलावी देशाची हकिकत इथं सांगण्यासारखी आहे. तिथं १९६०च्या दशकाच्या अखेरीला मुलांजे पर्वताच्या पायथ्याशी चांबे इथं उताराच्या पाण्याची योजना सुरू झाली. पाइप सरकारनं दिले, चर लोकांनी खणले, नळांची देखभाल गावच्या समित्यांकडे दिली. योजना इतकी यशस्वी ठरली की पुढच्या वीसेक वर्षांत देशभर अशा अनेक योजना झाल्या, लाखो लोकांना पाणी मिळालं आणि जगभरचे अभियंते ते पाहायला गेले. मग सरकारचं लक्ष कमी झालं. देखरेखीची माणसं घटली, लोकसंख्या वाढली, नळ वाढले, डोंगरावरचं जंगल सरपणासाठी आणि शेतीसाठी तुटलं. हळूहळू टोकाच्या गावांचे नळ कोरडे पडत गेले. चर खणताना दाखवलेली लोकांची एकजूट खरी होती, ती कुणी खोटी म्हणू नये. पण ती एकजूट पाइप टाकायला पुरली, पुढची तीस वर्षं लाइन राखायला एकजुटीबरोबर पगारी माणूसही लागतो. आपल्याकडे योजनेचं हस्तांतरण ग्रामपंचायतीकडे झालं की सरकारची जबाबदारी संपते, आणि हीच चूक आपण दर नव्या योजनेच्या नावाखाली नव्यानं करतो.

या गुपचूप बिघडण्यावर उपाय पुन्हा बादली आणि घड्याळाचाच आहे. दर महिन्याच्या ठरावीक दिवशी दोन ठिकाणी धार मोजायची, उगमावर आणि शेवटच्या नळावर. दोन्ही आकडे फळ्यावर लिहायचे. उगमाचा आकडा टिकून आहे आणि शेवटच्या नळाचा पडला, तर दोष लाइनीत आहे. दोन्ही पडले, तर दोष डोंगरावर आहे. एवढ्या नोंदीनं अर्धी भांडणं मिटतात, कारण मग कुणाच्या पाइपाला कुणी भोक पाडलं यावर अंदाजानं बोलावं लागत नाही. आणि प्रत्येक वाडीला स्वतःची छोटी टाकी हवी. तिच्यात येणारं पाणी वस्तीच्या हिशेबानं मोजून सोडलेलं हवं, म्हणजे वरच्या वाडीनं रात्रभर नळ उघडा ठेवला तरी खालच्या वाडीचा वाटा जाणार नाही.

दोष डोंगरावर असतो तेव्हा काम अवघड होतं. कोकणातले बरेच झरे सड्याचे आहेत. सड्यावरचा जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी त्यात मुरतं, खालच्या चिकण थराला अडतं आणि डोंगराच्या कडेला झरा होऊन बाहेर येतं. या सड्यांकडे आपण पडीक जमीन म्हणून पाहतो. तिथं चिरेखाण सुरू होते, आणि जो दगड पाणी धरून ठेवायचा तोच ट्रकमध्ये भरून निघून जातो. किंवा सुरुंग लावून कातळ फोडून कलमं लावली जातात आणि त्यांच्यासाठी वरच बोअर मारली जाते. खालच्या गावातला झरा दोन-चार वर्षांत क्षीण होतो आणि त्याचा संबंध वरच्या बोअरशी कुणी लावत नाही, कारण वरचा सडा कित्येकदा दुसऱ्या गावच्या हद्दीत असतो. महाराष्ट्रानं १९९३ सालीच कायदा करून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायला मनाई केली होती. त्या कायद्यामागचा विचार बरोबर होता. पण झऱ्याचं पाणलोट कंपासनं आखलेल्या वर्तुळात मावत नाही, ते खडकाच्या थरांप्रमाणे कुठंही पसरलेलं असतं. ते शोधून नकाशावर मांडणं हे भूजलशास्त्रज्ञाचं काम आहे. हिमालयात झरे झपाट्यानं आटू लागले, तेव्हा सिक्कीमनं २००८पासून हेच केलं. ‘धारा विकास’ कार्यक्रमात झऱ्याचं पाणी नेमकं कुठल्या उतारावर मुरतं हे शोधून तिथंच चर खणले. त्या शास्त्रात पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅम या संस्थेचा मोठा वाटा होता. ज्यांनी सिक्कीमला झरे वाचवायला मदत केली ती माणसं पुण्यात बसलेली आहेत, मग घाटाखालच्या रत्नागिरीत झऱ्यांची संपूर्ण गावनिहाय नोंद करणं अशक्य कसं असेल?

वनखात्याची परवानगी हे न करण्याचं दुसरं नेहमीचं कारण. झरा राखीव जंगलात आहे, पाइप जंगलातून जाणार, म्हणून योजना होत नाही, असं गावांना सांगितलं जातं. २००६च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) फार थोड्या सरपंचांना वाचून दाखवलेलं असतं. ग्रामसभेनं शिफारस केली तर पिण्याच्या पाण्याची योजना आणि जलवाहिनी यांसाठी प्रत्येक प्रकरणात एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, अट एवढीच की हेक्टरी ७५पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत. चार इंची पाइपाचा चर एवढी झाडं कुठल्या रानात तोडेल? उलट ज्या गावाचं पाणी त्या जंगलातून येतं ते गाव वणवा विझवायला सर्वांत आधी धावेल. वनखात्यानं अशा योजनांना आपल्या बाजूचं समजायला हवं.

सरकारनं जलजीवन मिशन २०१९मध्ये जाहीर केलं तेव्हा २०२४पर्यंत घरोघरी नळ देण्याचं ठरलं होतं, आता ती मुदत २०२८पर्यंत नेली आहे. वाढलेल्या या वर्षांत नुसते नळजोड मोजत बसण्यापेक्षा डोंगरी तालुक्यांतल्या योजनांची पुन्हा एकदा छाननी व्हावी, असं मला कळकळीनं वाटतं. कुठल्या टाकीच्या वर झरा आहे, तो मे महिन्यात किती वाहतो, टाकीत तो जोडायला किती पाइप लागेल, एवढे तीनच प्रश्न विचारायचे. ज्या योजना वीजबिलापायी बंद आहेत, त्यांच्या टाक्या आणि गावातली वितरण व्यवस्था बहुधा धडधाकट असते. त्यांना वरून पाणी मिळालं तर निम्मा खर्च आधीच झालेला आहे.

आणि विजेचे जे पैसे वाचतील ते पाणीपट्टी कमी करण्यात घालवू नयेत. निवडणुकीत तसं आश्वासन द्यायचा मोह होईल, पण तो टाळावा. या पैशातून पाणी सोडणाऱ्या माणसाला वर्षभर नियमित पगार द्यावा, त्याच्या हाती पाना, सांधे आणि चार लांब्या पाइप कायम असावेत, आणि फेब्रुवारीपूर्वी लाइनीच्या दोन्ही अंगांचं गवत कापून जाळरेषा काढायची मजुरी त्यातूनच द्यावी. उरलेला वाटा वर गेला पाहिजे, सड्यावरच्या लोकांकडे. जो शेतकरी किंवा धनगर आपल्या जमिनीत चिरेखाण होऊ देत नाही, बोअर मारत नाही, तो खालच्या गावाचं पाणी राखत असतो आणि त्याबद्दल आज त्याला काहीच मिळत नाही. खाणवाला रोख पैसे घेऊन दारात उभा असतो, तेव्हा नुसत्या विनवण्यांवर सडा टिकणार नाही. खालच्या गावाच्या पाणीपट्टीतून त्याला दरवर्षी ठरलेली रक्कम द्यावी, दोन्ही ग्रामसभांनी तसा ठराव करावा, आणि हद्द ओलांडून असा करार करायची मुभा जिल्हा परिषदेनं लेखी द्यावी. मे महिन्यात त्याच्या सड्याखालच्या झऱ्याची धार मोजताना त्यालाही सोबत न्यावं.